धोंड्याचं जेवण आणि अजगराची रांग

नाशिक,
१९ मे २०२६

आदरणीय सुनीलराव यांस,
रुद्रचा नमस्कार.

कागदावरचं पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. फोन मुद्दाम टाळला. माझा फोन मीना बघते, तुमचा ललिताताई बघतात, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी. मी तुम्हाला काही लिहिलं तर चहा गार व्हायच्या आत ते त्यांच्या आईपर्यंत, मामींपर्यंत पोचतं. म्हणून हे तुमच्या मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर टाकतोय. साडूचं साडूपाशी राहू द्या.

मी अडचणीत आहे. आमचं पाणघोडा वॉटर पार्क एप्रिलमध्ये सुरू झालं तेव्हापासून विंचूरला सगळ्यांना वाटतं की रुद्र तिथला मोठा साहेब. माझं काम खरं एकच आहे, लोकांना रांगेत कमी उभं राहावं लागेल असं बघणं. बाकीच्या घसरगुंड्यांचं जमलंय. अजगर नावाची सगळ्यांत मोठी आहे, तिने माझी झोप घालवली आहे. तिथे चौघाचौघांना एका रबरी ट्यूबमध्ये बसवून वरून सोडतात. किती ट्यूब, किती वेगाने सोडायच्या, सगळं बसवलेलं आहे. रांगेवर कॅमेरा आहे, तो डोकी मोजतो आणि पाटीवर आकडा दाखवतो, 'प्रतीक्षा वीस मिनिटे'. माणूस वीस मिनिटं म्हणून उभा राहतो आणि वर पोचतो तासा-सव्वा तासाने. मग तो खाली येऊन माझ्या शर्टावरचं नाव वाचून मला शिव्या देतो. परवा एकाने ओला टॉवेल तोंडावर फेकला.

कंपनीवाले दोनदा येऊन मशीन तपासून गेले. मशीन बरोबर आहे म्हणतात. मालक भिमाजीशेठ यांनी स्पष्ट सांगितलंय की शाळा उघडेपर्यंत अजगराची बोंब थांबली नाही तर ते दुसरा माणूस बघतील. मीनाला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

तुमच्या कार्यालयात एकेका लग्नाला दोन-दोन हजार माणूस जेवतो आणि कुणी उपाशी जात नाही, भांडूनही जात नाही. एकदा येऊन रांग बघाल का? कुठे चुकतंय तेवढं सांगा.

आपला,
रुद्र

विंचूर,
२२ मे २०२६

प्रिय रुद्रराव,
नमस्कार.

पोस्टमन आला तेव्हा मी रिकाम्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलो होतो. अधिक महिना लागला, लग्नं बंद. खुर्च्या एकीवर एक चढवून ठेवल्यात, आचारी गावाला गेलाय, आणि दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त वॉचमन पुंजाराम आहे, त्यालाही ऐकू कमी येतं. तुमच्याकडे माणसं मावत नाहीत. देवाने या महिन्याचं वाटप नीट केलेलं नाही.

तुम्ही अडचणीत आहात हे वाचून वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलंही, थोडं. पण आधी इथले हाल ऐका.

तुम्ही मामांना ती निळी टोपी दिलीत ना, पाणघोड्याचं चित्र असलेली? आपले सासरे ती आता झोपतानाच काढतात. सोमवारी कांद्याच्या लिलावाला तीच घालून आले. व्यापारी पुकारा करतोय आणि मामा मध्येच त्याला सांगतायत, "आमच्या धाकल्या जावयाच्या हाताखाली लय माणसं हायेत. इंग्रजीत बोलतो सगळ्यांशी. साहेब हाय तो." मी शेजारीच उभा. ट्रॅक्टर मीच आणला होता, गोण्या मीच उतरवून घेत होतो. व्यापाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? तर मामा म्हणाले, "हा? हा आमचा सुनील."

रुद्रराव, तुम्ही जावई आणि मी आमचा सुनील. अकरा वर्षं झाली मला त्या घरात. त्यातली आठ मी एकटाच जावई होतो. दिवाळीचा पाट माझा, आमरसाची पहिली वाटी माझी, मामींनी काही गोडाधोडाचं केलं की आधी निरोप मला. मग तुम्ही आलात, टाय लावून. ललिता परवा म्हणाली, मीनाच्या नवऱ्याला टाय किती शोभतो. मी म्हटलं, मलाही शोभला असता, पण पंगतीत वाढताना आमटीत पडतो.

असो. रविवारी येतो. पासाची सोय करा, म्हणजे ललिताला घेऊन येता येईल. मीनाला काही बोलणार नाही, निश्चिंत असा.

आपला,
सुनील

नाशिक,
२६ मे २०२६

आदरणीय सुनीलराव,
नमस्कार.

रविवारी तुम्ही आलात, फार बरं वाटलं. पण तुम्ही गेल्यापासून मला चैन नाही.

तुम्ही अजगराच्या पायऱ्यांपाशी खांबाला टेकून उभे होतात. मी चार वेळा येऊन गेलो. दर वेळी तुम्ही तसेच, हाताची घडी घातलेले आणि हसत. रांगेकडे तुम्ही फारसं बघतच नव्हतात. समोर तो मोठा तलाव आहे ना, लाटा येतात तो, तिकडेच बघत होतात. मला वाटलं मजा बघताय. पण एकदा तुम्ही पाटीकडे बघितलंत, मग तलावाकडे, आणि मान अशी हलवलीत जशी कार्यालयात आचाऱ्याने मीठ विसरल्यावर हलवता. तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलंय.

मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "बघू, बोलू निवांत." मग तुम्ही मिसळ खाल्लीत, ललिताताईंना लाटांच्या तलावावर सोडून आणखी थोडा वेळ त्याच खांबाला टेकलात आणि द्वारका चौकात एसटीला गर्दी होईल म्हणून निघून गेलात.

सोमवारी मी रांगेवर छत टाकलं, पंखे लावले. पाटीवरच्या आकड्यात मीच हाताने वाढ करून बघितली. वीसच्या जागी पन्नास दाखवलं तर लोक रांगेत यायचे थांबले, ट्यूब रिकाम्या जाऊ लागल्या आणि भिमाजीशेठ त्याच वेळी फिरायला आले. संध्याकाळी पुन्हा तासभर रांग आणि पुन्हा आरडाओरडा.

सुनीलराव, शाळा पंधरा जूनला उघडतात. मला लाज वाटत नाही विचारायला. काय बघितलंत तुम्ही?

रुद्र

विंचूर,
३० मे २०२६

प्रिय रुद्रराव,
नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ लिहितो. हो, कळलं. पोचल्यावर थोड्याच वेळात कळलं. इतकं सोपं आहे की मला आधी खोटंच वाटलं, म्हणून तिथे उभा राहून खात्री केली. आणि हसत होतो हेही खरं. एवढी कॅमेऱ्याची भानगड, एवढे वायरलेस घेऊन फिरणारे लोक, सगळ्यांच्या अंगावर एकसारखे शर्ट, आणि कुणालाच दिसू नये? मला हसू आवरेना.

मला तुमचा हेवा वाटतो, रुद्रराव. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कागदाच्या पत्राचा हाच एक फायदा. रविवारी तुमच्या पार्कमध्ये शिरताना गेटवरच्या पोरीने मला "साहेबांचे नातेवाईक का?" असं विचारलं. मी हो म्हणालो. ललिता इतकी खूश की घरी येईपर्यंत मीना, मीना आणि मीनाचं घर. मी मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन ऐकत होतो. तुमच्यात वाईट काहीच नाही, तीच तर अडचण आहे. तुम्ही उर्मट असतात तर मला किती सोपं गेलं असतं.

आता ऐका. सात जूनला मामींनी आपल्या दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटात दिवा, दोघा जावयांना कपडे, सगळं साग्रसंगीत. तीन वर्षांनी येणारा महिना आहे, तुमचा तर लग्नानंतरचा पहिलाच अधिक. त्या दिवशी या. जेवण झालं की मामांच्या समोर बसून मी तुम्हाला अजगराचं सगळं उलगडून सांगतो. लिहून त्यात मजा नाही. मामांनाही कळू दे की साहेबांच्या अडचणीवर विंचूरला औषध मिळतं.

तोवर रांगेतल्या लोकांना ताक वाटा. उपयोग होईल असं नाही, पण शिव्या गार येतील.

आपला,
सुनील

नाशिक,
३ जून २०२६

आदरणीय सुनीलराव,
नमस्कार.

सात तारखेला रविवार आहे. रविवारी पार्कमध्ये सर्वांत जास्त गर्दी असते आणि भिमाजीशेठ स्वतः येऊन ऑफिसात बसतात. मी आजवर एकही रविवार सोडलेला नाही. मामींना वार बदलायला सांगू का, म्हणून मी मीनाला विचारलं. ती म्हणाली, आईने भटजींना आणि तिच्या जाऊबाईंना सांगून ठेवलंय, आता बदलणं बरं दिसत नाही. आणि पहिल्याच धोंड्याला जावई आला नाही तर गावात काय बोलतील.

तुम्ही दोन ओळीत लिहून पाठवलंत तर फार उपकार होतील. नाही पाठवलंत तरी मी येईन. सकाळी गेट उघडून देतो, हाताखालच्या मुलाला सगळं समजावतो, निघतो आणि चारच्या आत परत फिरतो.

रुद्र

विंचूर,
९ जून २०२६

प्रिय रुद्रराव,

रविवारी तुम्ही उठून गेलात त्यानंतर तुमचा फोन लागत नाही. मीनाचा लागतो, पण ती ललिताशी बोलते आणि मला द्यायला सांगितलं की रेंज जाते. म्हणून लिहितोय. काय झालं ते मला अर्धंमुर्धं कळलंय, पूर्ण तुम्हीच सांगा.

त्या दिवशीचं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही पाटावर माझ्या शेजारी बसलात. मामींनी आधी मला ओवाळलं, मग तुम्हाला. मी लक्ष ठेवून होतो, खोटं कशाला बोलू. धोंडे वाढले, त्यावर तूप वाढलं, आणि मला धीर निघेना. जेवण व्हायचीही वाट न बघता मी सुरू केलं. मामा, तुमच्या धाकट्या जावयाच्या पार्कमध्ये एक मशीन आहे, ते माणसं मोजतं. पण आपल्याकडे रांगेत माणूस उभा राहतच नाही, कुटुंब उभं राहतं. बारा जणांचं घर येतं. एका काकाला रांगेत उभं करतं आणि बाकीचे अकरा तलावात डुंबतात, मिसळ खातात. काका पायऱ्यांपाशी पोचला की हात वर करतो, आणि सगळे रांगेच्या दांडीखालून घुसून त्याच्यापाशी. मशीनला दिसतो एक, वर चढतात बारा. मागचा बावळटासारखा बघत राहतो आणि वाट लागते. माझ्या पंगतीत हेच असतं. खुर्चीमागे एक जण उभा आणि शेजारच्या पाच खुर्च्यांवर रुमाल. मी डोकी मोजत नाही, विचारतो, घरचे किती? सगळे आले तर बसा, नाहीतर पुढच्या पंगतीला.

मामा हसून हसून वाकले. म्हणाले, "अरे हे तर माझ्या म्हशीलाबी कळंल. साहेब, तुमाला नाय कळलं?" आणि सगळं घर हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय? तुम्ही ताटातला हात थांबवून म्हणालात, "वा सुनीलराव. हे मला सुचलंच नसतं." मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. किती वर्षांनी मारली, सांगता येणार नाही. मग तुमचा फोन वाजला, तुम्ही बाहेर गेलात, आणि परत आलात ते चप्पल घालूनच. अर्धा धोंडा ताटात तसाच राहिला.

रात्री ललिताने सांगितलं की अजगरापाशी मारामारी झाली, दांडी वाकली आणि एका बाईचा हात मोडला. भिमाजीशेठ ऑफिसात होते आणि तुम्ही नव्हतात.

एक सांगायचं राहिलंय. मामींनी मला विचारलं होतं, कोणता वार धरू. रविवार मीच सांगितला. तुम्हाला सुट्टी नसते हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, तुम्ही आला नाहीत तर पाट माझा एकट्याचा, आलात तर सगळ्यांसमोर माझ्याकडून शिकाल. दोन्हीकडून माझंच बरं होतं.

काहीतरी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

सुनील

नाशिक,
१७ जून २०२६

सुनीलराव,

उशीर झाला. दवाखान्यात आणि पोलीस चौकीत जात होतो. त्या बाई बऱ्या आहेत, हाताला प्लास्टर आहे, मुलगा समंजस निघाला. भिमाजीशेठनी मला गेल्या शनिवारी हिशेब चुकता करून मोकळं केलं. मारामारी कुठेही होते म्हणाले, पण गर्दीच्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात, ते त्यांना सहन होत नाही.

आता तुम्हाला जे वाटतंय त्यातलं थोडं दुरुस्त करतो.

तुम्ही धोंड्याच्या पाटावर जे सांगितलंत ते मला त्याच्या आदल्या शुक्रवारीच कळलं होतं. तुम्ही लिहून पाठवलं नाहीत, तेव्हा मी जाऊन त्याच खांबाला टेकून उभा राहिलो आणि तुम्ही जिकडे बघत होतात तिकडे बघत बसलो. तलावातून लोक रांगेतल्या आपापल्या माणसाला हात करत होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नियम लावला, घरचे सगळे सोबत असतील तरच रांगेत घेणार. शनिवारी तो चालला, कारण मी दाराशी स्वतः उभा होतो. लोक चिडले की मी हात जोडायचो, म्हाताऱ्यांना बसायला खुर्ची द्यायचो, दोन शब्द बोलायचो. रविवारी एक मोठी बस आली. एकाच माणसाला रांगेत उभं केलं होतं त्यांनी. माझ्या हाताखालच्या मुलाने नियम सांगितला, पण हात जोडले नाहीत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग मी आलोच कशाला? तुम्ही हाच प्रश्न विचाराल. औषधासाठी आलो नव्हतो.

तुम्ही पत्रात लिहिलंत, तुम्ही जावई आणि मी आमचा सुनील. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मला मामा अजून 'अहो पाहुणे' म्हणतात. मी पाण्याचा तांब्या उचलायला गेलो तर कुणीतरी हातातून काढून घेतं. मला कांद्याची गोणी उचलायला कुणी सांगत नाही. मामींना ताप आला तेव्हा आम्हाला चार दिवसांनी कळलं, कारण 'पाहुण्यांना कशाला त्रास'. तुम्हाला मात्र रात्री उठवून नेलं होतं. तीन वर्षं मी तुमच्याकडे बघतो आणि माझ्या पोटात दुखतं. ती टोपी मी मामांना दिली तेव्हा वाटलं होतं, आता तरी रुद्र म्हणतील. ते साहेब म्हणायला लागले.

तुम्ही शेजारी बसायला बोलावलंत, म्हणून आलो. तुम्ही इतक्या हौसेने सांगत होतात की मला आधीच कळलंय हे मी बोललो नाही. मामांनी तुमच्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

रविवार तुम्ही ठरवलात हे मला माहीत नव्हतं. ते लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं.

रुद्र

विंचूर,
२८ जून २०२६

प्रिय रुद्रराव,

तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस पंगतीत वाढायलाही उतरलो नाही. लग्नं पुन्हा सुरू झालीत, तरी आचारी विचारतोय शेठ बरं नाही का. तिसऱ्या दिवशी उठलो, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटीने थेट तुमच्या पार्कवर गेलो. भिमाजीशेठना भेटलो.

मी भांडायलाच गेलो होतो, यावर विश्वास ठेवा. त्यांना म्हटलं, रविवार माझ्यामुळे झाला, बोलावणं माझं होतं, शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. रुद्ररावांनी नियम शोधला तो बरोबर होता, फक्त तो चालवायला दाराशी माणूस लागतो. मग कसा चालवायचा ते समजावून सांगितलं. रांगेच्या तोंडाशी बाकडी ठेवा, कुटुंब जमेपर्यंत तिथे बसवा, बसलेल्या माणसाला थांबल्यासारखं वाटत नाही. घरातल्या थोरल्याला विचारा, सगळे आले का, म्हणजे तो स्वतःच पोरांना गोळा करतो. दारावर पोरगा नको, चाळिशीतला माणूस ठेवा, ज्याला काका म्हणता येईल. बोलताना मी कागदावर रेघा ओढत होतो. शेठनी मध्येच चहा मागवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ते म्हणाले, "रुद्रचं राहू द्या. तुम्ही कधीपासून येता?"

मी म्हटलं, मी त्यासाठी आलेलो नाही. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच विचारतोय. मी म्हटलं घरी विचारतो.

इथपर्यंत माझं वागणं बरं होतं. परतीच्या गाडीत द्वारकेपासून निफाडपर्यंत मी एकच विचार केला, की नाही म्हणायचं. आणि निफाड सोडल्यावर मी खिडकीच्या काचेत बघून टाय कसा दिसेल ते बघत होतो. मला आनंद झाला, रुद्रराव. खोटं लिहीत नाही. तुमची नोकरी गेली त्याचं दुःख होतं आणि त्याच्या शेजारीच हा आनंद बसला होता, आणि तो सरकायला तयार नव्हता.

घरी ललिताला सांगितलं. तिने मामांना सांगितलं. मामा संध्याकाळी पेढे घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "काय साहेब." पहिल्यांदाच म्हणाले. मला गोड लागलं.

काल मी भिमाजीशेठना हो कळवलं. एक तारखेपासून जायचं आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं, म्हणून हे पत्र. तुम्ही नको म्हणालात तर सोडेन, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

सुनील

नाशिक,
४ जुलै २०२६

सुनीलराव,

पत्र मिळालं, एक तारीख उलटून गेल्यावर. तुम्ही नोकरीला लागला असाल.

अभिनंदन लिहायला तीन कागद फाडले, जमलं नाही. म्हणून लिहीत नाही. मला सातपूरच्या एका हॉटेलात काम मिळालंय, रिसेप्शनवर, रात्रपाळीचं. मीनाला सगळं सांगितलं आहे. ती राखीला विंचूरला येईल. मी येणार नाही. दिवाळीलाही नाही. मामींना सांगा की मला सुट्टी मिळत नाही, ते खोटं नसेल. तुमचा राग आता तेवढा नाही. पण तुम्ही तो शर्ट घालून त्या खांबापाशी उभे असाल, लोक तुम्हाला साहेब म्हणत असतील, आणि गावाला गेलात की तुम्ही पुन्हा आमचे सुनील असाल. दोन्ही तुम्हालाच मिळालं. ते बघायला मला अजून बळ नाही.

एक कामाचं आहे. दुपारी लाटांच्या तलावाचे पंप सुरू झाले की अजगराचं पाणी कमी पडतं, आणि हलकी ट्यूब, म्हणजे दोन बायका आणि दोन पोरं असलेली, तिसऱ्या वळणावर अडकते. वरचा दिवा तरीही हिरवाच राहतो. मागून दुसरी ट्यूब सोडली तर ती पहिलीवर जाऊन आदळेल. म्हणून दुपारनंतर वरच्या माणसाला सांगा, दिव्याकडे बघू नको, खालच्याने हात वर केल्याशिवाय सोडू नको. हे कंपनीच्या लोकांना मान्य नाही, म्हणून कुठल्याही सूचनेत नाही. मी रोज तोंडी सांगायचो. माझ्यानंतर कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

उद्या रविवार आहे. पत्र वेळेवर पोचायचं नाही, म्हणून हे एवढं मी आत्ताच ललिताताईंच्या फोनवरही पाठवलंय. घरात सगळे वाचतील, वाचू देत. अशी गोष्ट जेवणापर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

रुद्र